गमऱ्यांच्या गॅलरीतले अननस

वसंत गमरे माझगावच्या गोदीत क्रेन चालवत. उभं आयुष्य त्यांनी जमिनीपासून वर, काचेच्या केबिनमध्ये एकट्यानं बसून काढलं. निवृत्त झाले आणि परळच्या चाळीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत दिवसभर बायकोच्या पायांत घोटाळू लागले. कमलाबाई पोळ्या लाटत असल्या की हे पोळपाटाशेजारी येऊन उभे. त्या कपडे वाळत घालत असल्या की हे चिमटे धरून उभे. शेवटी त्या म्हणाल्या, "अहो, जरा खाली जाऊन या ना. चाला थोडं. डॉक्टरांनी सांगितलंय साखरेला."

ते चालायला जाऊ लागले. इस्पितळाच्या फाटकासमोर एक फळवाला बसायचा. पपई, कलिंगड, अननस कापून प्लेटी लावायचा. अननस सोलण्याआधी तो सुरीच्या एका फटक्यात शेंडा उडवी आणि मागच्या गोणीत फेकी. संध्याकाळी ती गोणी कचऱ्याच्या गाडीत जाई. गमरे कित्येक दिवस ते नुसतं बघत होते. एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "यातले दोन-चार नेऊ का?"

"सगळी गोणी न्या," फळवाला म्हणाला. "बकरी पाळलीय काय?"

गमऱ्यांचं गाव लांज्याच्या बाजूला. त्यांचे वडील कोंडीराम दुसऱ्याच्या पोफळीच्या बागेत राबत. त्या बागेच्या कडेकडेनं अननस असत. फळं मालकाच्या घरी जात आणि शेंडे उकिरड्यावर. गमऱ्यांची आई उकिरड्यावरून ते शेंडे उचलून आणी आणि घरामागं, जिथं सांडपाणी जाई तिथं लावी. त्याला फळ धरायला दोन-तीन वर्षं लागत. फळ लहान येई, पण त्यांच्या अंगणातलं येई. मीठ लावून ते सगळी भावंडं खात. मुंबईत आल्यापासून गमऱ्यांना ही गोष्ट कधी आठवली नव्हती. गोणीतला तो हिरवा ढीग बघून आठवली.

घरी आणलेल्या शेंड्यांची खालची पानं त्यांनी सोलली, चिकटलेला गर काढला आणि ते दोन दिवस तसेच सुकत ठेवले. रंगकाम करणाऱ्यांकडून रिकामे डबे मिळवले, त्यांना बुडाशी भोकं पाडली, माती भरली. महिन्याभरानं एक शेंडा हलकेच ओढून पाहिला तर तो हातात आला नाही. मुळं धरली होती. गमरे त्या दिवशी पोरासारखे आत आले आणि कमलाबाईंना हाताला धरून गॅलरीत घेऊन गेले.

"काय झालं? पडलात की काय?"

"ओढून बघ."

त्यांनी ओढून पाहिलं. "बरं मग?" म्हणाल्या, पण हसल्या.

पुढच्या दोन वर्षांत गमऱ्यांच्या खोलीपुढची गॅलरी डब्यांनी भरली. अननसाची पानं तलवारीसारखी बाहेर येतात आणि त्यांच्या कडांना बारीक काटे असतात. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या साड्या अडकत, ओढण्या फाटत. लोक कुरकुरत, पण भांडत नसत, कारण गमरे चाळीतले जुने आणि कुणाच्याही अडीअडचणीला उठून जाणारे. शेजारच्या खोलीतले राजाराम तांबे तर त्यांचे गोदीपासूनचे मित्र. दोघं एकाच वर्षी कामाला लागलेले. एक वर क्रेनमध्ये, दुसरा खाली माल बांधून हाताचे इशारे करणारा. चाळीस फूट अंतरावरून एकमेकांचे हात बघत त्यांनी नोकरी केली होती. बोलणं फार लागतच नसे.

तांब्यांना उशिरा झालेली एकच मुलगी, संघमित्रा. सगळे तिला मित्रा म्हणत. तिची आई वत्सला शाळेत शिपाई होती, म्हणून लहानपणी ती दुपारची कमलाबाईंकडेच जेवायची आणि तिथंच झोपायची. कमलाबाईंचा स्वतःचा मुलगा प्रफुल्ल लग्न करून बदलापूरला गेला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "जाऊ दे, मित्रा आहे की." मित्रा मोठी होऊन दादरच्या एका लॅबमध्ये लागली. रक्ताचे नमुने घ्यायची, तपासायची. दिवाळीनंतर तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा घाटकोपरचा, रेल्वेत होता.

पहिला अननस आला तो संत्र्याएवढा. आधी पानांच्या मधोमध लालसर कोंब दिसला, मग त्यावर जांभळी बारीक फुलं आली. पुढं सहा महिने ते फळ जणू हट्टानं हिरवंच राहिलं. पिवळं झालं तेव्हा गमऱ्यांनी ते कापून आख्ख्या मजल्यावर वाटलं. एकेकाच्या वाट्याला कागदासारखी चकती आली.

"काका, हा अननस आहे की लिंबू?" मित्रा म्हणाली.

"लिंबू असता तर तुझं तोंड वाकडं झालं असतं."

"झालंय की!" ती म्हणाली, आणि आणखी एक चकती उचलून पळाली.

त्या पावसाळ्याच्या सुरुवातीला एका रविवारी सकाळी मित्रा गॅलरीत केस वाळवत उभी होती. तांबे बाजूला स्टुलावर पेपर वाचत बसले होते. तिनं सहज एका अननसाची पानं बाजूला केली आणि वाकून पाहिलं.

"काका, इकडे या. हे बघा. प्रत्येक पानाच्या बेचक्यात पाणी साचलंय."

"पावसाचं असेल."

"असेल, पण त्यात डास अंडी घालतात. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ पाण्यात होतो. आमच्याकडं रोज पेशंट येतायत. हे दर आठवड्याला काढायचं हं. डबा आडवा करायचा, पाणी झटकायचं."

"सगळे डबे?"

"सगळे. नाहीतर मी फेकून देईन एक दिवस." मग वडिलांकडं वळून म्हणाली, "आणि बाबा, तुम्ही टेरेसवरच्या ड्रमला झाकण आणणार होतात ना?"

"आणतो," तांबे पेपरातून म्हणाले.

तो निळा ड्रम तांब्यांनी उन्हाळ्यात पाणीकपात होती तेव्हा गच्चीवर नेऊन ठेवला होता. वर चढवायला गमऱ्यांनीच हात दिला होता. टाकीमागं, कुणाला अडचण होणार नाही अशा जागी. त्याचं झाकण जिन्यातच फुटलं होतं.

गमरे रविवारी डबे आडवे करू लागले. ओल्या मातीचे डबे जड असत आणि पानांनी हात ओरबाडत. तरी त्यांनी ते नेमानं केलं. श्रावणात कमलाबाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मग दिवसातून चारदा डोळ्यात थेंब घाला, स्वयंपाक करा, भांडी घासा. त्यात एका रविवारी डबा उचलताना गमऱ्यांच्या कमरेत उसण भरली. तो रविवार राहिला. पुढचाही राहिला. नंतर कंबर बरी झाली आणि ती सवय मात्र मोडली ती मोडलीच.

गणपती गेल्यानंतर चाळीत ताप सुरू झाला. खालच्या मजल्यावर दोघं आजारी पडले आणि बरे झाले. मग मित्राला ताप आला. तिनं लॅबमध्ये स्वतःचंच रक्त तपासलं. डेंग्यू होता. घाबरली नाही. "होतो बरा, पाणी पीत राहायचं," म्हणाली आणि घरी पडून राहिली. कमलाबाई डोळ्यांवर ऑपरेशनचा काळा चष्मा असतानाही शहाळ्याचं पाणी घेऊन तिच्या उशाशी बसत. काही दिवसांनी ताप उतरला. वत्सलाबाईंनी त्या दिवशी तिला आवडतं तसं भातावर पिठलं केलं. ताप उतरला म्हणजे आजार गेला असंच सगळ्यांना वाटलं. पण तिचं पोट दुखू लागलं, हातपाय गार पडले. तांबे आणि गमरे दोघांनी तिला टॅक्सीत घातली. इस्पितळ हाकेच्या अंतरावर होतं. डॉक्टरांनी धावपळ केली, रक्त चढवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

अंत्ययात्रेला तिला उचलून चाळीतून खाली आणायला गमऱ्यांनी हात लावला तेव्हा, लहानपणी झोपलेल्या तिला उचलून आपण शेजारी नेऊन घालत असू, ते त्यांना आठवलं. वजन तेवढंच वाटलं, असं ते नंतर कमलाबाईंना म्हणाले.

मृत्यू झाल्यामुळं पालिकेचे लोक तपासणीला आले. पिंप, टाक्या, कुंड्या सगळं बघत ते दुसऱ्या मजल्यावर पोचले. त्यांच्यातल्या एकानं अननसाच्या बेचक्यात रबरी फुग्याची नळी घातली, पाणी ओढलं आणि एका पांढऱ्या वाटीत सोडलं. वाटी त्यानं उजेडाकडं केली. त्यात बारीक अळ्या वळवळत होत्या.

गॅलरीत दहा-बारा माणसं उभी होती. सगळ्यांनी वाकून पाहिलं. तांबे आपल्या दारात उभे होते. ते वाकले नाहीत.

"हे कुणाचं?" त्या माणसानं विचारलं.

"माझं," गमरे म्हणाले.

मग ते लोक गच्चीवर गेले. थोड्या वेळानं खाली येऊन त्यातला मोठा म्हणाला, "वर टाकीमागं निळा ड्रम आहे, झाकण नाही. त्यात तर हजारोंनी अळ्या आहेत. तो कुणाचा?"

कित्येकांना तो ड्रम तिथं आहे हेच माहीत नव्हतं. गमऱ्यांनी तांब्यांकडं पाहिलं. तांबे आपल्या पायांकडं बघत होते. कमलाबाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात गमऱ्यांनी त्यांचं मनगट धरलं.

"चाळीचाच असेल," गमरे म्हणाले. "ओतून टाका."

कुणीतरी विचारलं, "मग पोरीला चावला तो डास यातला की त्यातला?"

"ते कोण सांगणार?" तो माणूस म्हणाला. "डास काय पत्ता लिहून ठेवतो?"

पण चाळीनं ठरवलं. ड्रम कुणी पाहिला नव्हता, वाटी सगळ्यांनी पाहिली होती. शिवाय ती वाटी मेलेल्या मुलीच्या दारापासून चार पावलांवर भरली गेली होती.

लोक गेल्यावर गमऱ्यांनी सुरी घेतली आणि एकेक अननस मुळापासून काढायला सुरुवात केली. दोन झाडांना फळं धरलेली होती. एकाच्या मधोमध नुकता लाल कोंब दिसू लागला होता. कमलाबाई दारात उभ्या राहिल्या. थांबा म्हणाल्या नाहीत. गमऱ्यांच्या हातांतून रक्त येत होतं. सगळी झाडं, सगळे डबे त्यांनी एकट्यानं खाली नेले. जिन्यात भेटणारी माणसं भिंतीला चिकटून वाट देत होती.

आत आल्यावर कमलाबाईंनी त्यांचे हात धुतले आणि हळद लावली. मग आवाज खाली ठेवून म्हणाल्या, "ड्रम त्यांचा आहे. तुम्ही नि मी दोघांनी वर चढवताना बघितलाय. मी सांगणार सगळ्यांना."

"सांगायचं नाही."

"का? त्यांच्या ड्रममध्ये हजारोंनी होत्या म्हणाला तो माणूस. आणि नाव तुमचं?"

"तिनं मला बजावलं होतं."

"त्यांनाही बजावलं होतं! तुम्हीच मला सांगितलंत ना?"

"कमल," गमरे म्हणाले, "त्याची पोरगी गेलीय. आता आणखी हे त्याच्या डोक्यावर ठेवू? माझ्या डोक्यावर ठेवलं तर चालेल. माझं कोण गेलंय?"

कमलाबाई एकदम मोठ्यानं म्हणाल्या, "कोण गेलंय? माझी मित्रा गेलीय!" आणि तोंडात पदर कोंबून बसल्या.

विहारात मित्राच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. पांढऱ्या कपड्यांतली माणसं ओळीनं बसली होती. गमरे मागच्या बाजूला बसले. त्यांच्या शेजारची सतरंजी रिकामी राहिली. कार्यक्रम संपल्यावर ते तांब्यांजवळ गेले, हात जोडले. तांब्यांनीही हात जोडले. गोदीत अर्धं आयुष्य इशाऱ्यांवर काढलेल्या दोघांना त्या जोडलेल्या हातांतून काहीच कळलं नाही.

त्यानंतर चाळीत कुणी गमऱ्यांशी भांडलं नाही. भांडण झालं असतं तर कदाचित बरं झालं असतं. लोक 'जयभीम' म्हणत आणि पुढं जात. नळावर कमलाबाई आल्या की बोलणं थांबे. चाळीत हळदीकुंकू नव्हतं, पण बायकांचं एकत्र पापड लाटणं असे, त्याचा निरोप त्यांना आला नाही. एकदा जिन्यात त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं, "दोन रुपयांच्या शेंड्यापायी सोन्यासारखी पोर गेली." त्या रात्रभर कुशी बदलत राहिल्या. सकाळी म्हणाल्या, "मला होत नाही हो. एकदा तरी बोलू द्या." गमऱ्यांनी नाही म्हणून मान हलवली. त्या दोघांतही बोलणं कमी होत गेलं. कमलाबाई डोळ्यांचं कारण सांगून लवकर झोपू लागल्या. प्रफुल्ल येऊन म्हणाला, "बाबा, बदलापूरला चला." गमरे म्हणाले, "आत्ता गेलो तर पळालो असं होईल."

पलीकडच्या खोलीत तर दिवसासुद्धा दार लोटलेलं असे. वत्सलाबाई कामावर जात आणि येत. तांबे बाहेर पडत नसत. भिंत एकच होती. पूर्वी त्या भिंतीतून त्यांचा रेडिओ ऐकू येई, आता खोकला ऐकू येई.

उन्हाळ्यात तांब्यांनी खोली भाड्यानं द्यायचं ठरवलं आणि नवरा-बायको गावी, मंडणगडकडं, जायला निघाले. सामान टेम्पोत चढलं. वत्सलाबाई कमलाबाईंना न भेटताच खाली उतरल्या. तांबे मात्र गमऱ्यांच्या दारात आले आणि उंबऱ्याशी उभे राहिले. कित्येक महिन्यांत ते पहिल्यांदाच या दारात येत होते. दाढी पांढरी, शर्ट खांद्यांवरून ओघळलेला.

"ये, राजा," गमरे म्हणाले. "बस."

तांबे बसले नाहीत. "ड्रम माझा होता," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"तुला माहीत आहे हे मला माहीत होतं. वहिनींनाही माहीत होतं. मी रोज वाट बघायचो, आज हा बोलेल, उद्या बोलेल. सगळ्यांसमोर माझी गचांडी धरेल."

"मी कशाला धरू? तुझ्यावर काय कमी आलं होतं?"

"धरायला हवी होतीस." तांब्यांचा आवाज चढला. "मी कोणापाशी बोलणार होतो? वत्सला विचारायची, त्या गमऱ्यांना तुम्ही काही बोलत का नाही? मी तिला काय सांगू? ती तुला शिव्या द्यायची आणि मी ऐकून घ्यायचो. भाकरी गिळत ऐकून घ्यायचो. तू बोलला असतास तर दोघं तरी असतो रे. तू तिकडं मोठा होऊन बसलास आणि मला इकडं एकट्याला सोडलंस त्या ड्रमबरोबर."

गमऱ्यांना आजवर वाटत होतं की आपण तांब्यांच्या अंगावरचं ओझं उचललंय. भिंतीपलीकडून येणारा खोकला त्यांनी इतके महिने ऐकला होता आणि एकदाही दार ढकललं नव्हतं.

"वहिनींना सांगितलंस?" त्यांनी शेवटी विचारलं.

"नाही. गावी गेल्यावर सांगेन." तांब्यांनी चौकटीला हात टेकवला. "सांगितलं की राहील का ती माझ्याबरोबर, कोण जाणे."

खालून टेम्पोचा हॉर्न वाजला. कमलाबाई आतून पाण्याचा पेला घेऊन आल्या. तांब्यांनी तो उभ्यानंच प्यायला, पेला त्यांच्या हातात परत दिला आणि त्यांच्याकडं न बघता म्हणाले, "वहिनी, येतो." कमलाबाईंनी पेला उपडा करून ओट्यावर ठेवला आणि आत भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

गमरे कठड्याशी येऊन उभे राहिले. टेम्पोत पुढच्या सीटवर वत्सलाबाई बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं. गमऱ्यांना वाटलं त्या काहीतरी म्हणतील, पण त्यांनी काच वर केली.

पावसाळ्यात तांब्यांचा एकदा फोन आला. पाऊस चांगला आहे, भात लावलाय, गुडघा दुखतो असं बोलले. गमऱ्यांनी इकडचं सांगितलं. वहिनी कशा आहेत विचारलं, तेव्हा तांबे म्हणाले, "माहेरी आहे." एवढंच. मग तांबे म्हणाले, "बॅटरी संपत आलीय," आणि फोन बंद झाला.

शेजारच्या खोलीत आता एक नवं जोडपं राहतं. त्यांना मागचं काही ठाऊक नाही. त्या मुलीनं कमलाबाईंना विचारलं, "आजी, तुमच्याकडं एवढी गॅलरी आहे, झाडं का नाही लावत?" कमलाबाई म्हणाल्या, "आमच्या ह्यांना आवड नाही." गमरे आत खाटेवर बसून ऐकत होते. त्यांनी हाताकडं पाहिलं, मनगटावरचे जुने ओरखडे आता नीट दिसतही नव्हते, आणि उठून कमलाबाईंच्या हातातली कोथिंबीर निवडायला घेतली.